सहा महिने झाले, साइट गूगलवर दिसतच नाही. नव्यांना दाबून ठेवतात का?

शाईचाडाग

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी एक साइट सुरू केली. विषय एकच, जुनी शाईची पेनं दुरुस्त करणं. निब वाकली तर काय करायचं, पिस्टन घट्ट बसला तर कसा सोडवायचा, आतली रबरी नळी कुजून काळा चिकटा झाला असेल तर नवी कशी बसवायची, असं सगळं. आजवर ३८ लेख झालेत. सगळे मीच लिहिलेले, फोटो माझ्याच टेबलावरचे, बोटांवरच्या डागांसकट. एक ओळ कुठून उचललेली नाही की यंत्राकडून लिहून घेतलेली नाही.

आता सर्च कन्सोलमधले (साइट शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या साधनातले) आकडे. गेल्या तीन महिन्यांत इंप्रेशन (निकालांत पान दिसण्याच्या खेपा) १,९४०, क्लिक २३. त्या २३ मधले आठ-दहा माझेच असणार, कारण दिसतंय का ते बघायला मीच शोधत बसतो. सरासरी स्थान ६१. ३८ लेखांपैकी इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदींत, ११. उरलेल्यांपैकी १९ लेखांपुढे ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ आणि ८ लेखांपुढे ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’. रोज सकाळी मर्यादा संपेपर्यंत ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबतो. देवळातली घंटा वाजवावी तसं झालंय ते, वाजते पण कुणी येत नाही.

खरा त्रागा पुढे आहे. ‘फाउंटन पेन दुरुस्ती’ असं शोधलं की पहिल्या पानावर काय येतं? एक मोठी विक्रीची साइट, जिच्यावर दुरुस्तीबद्दल अवाक्षर नाही. दोन व्हिडिओ. आणि तिसऱ्या क्रमांकावर एक प्रश्नोत्तरांचं पान, ज्यात कुणीतरी एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) पेन रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा म्हणून सांगितलंय. एबोनाइट पाण्यात ठेवलं की काळ्याचं तपकिरी होतं हो! हा सल्ला तिसरा, आणि ‘असं चुकूनही करू नका’ म्हणणारा माझा लेख इंडेक्समध्येसुद्धा नाही.

आणखी एक कोडं. दुसऱ्या महिन्यात निब सरळ करण्यावरचा लेख आठवडाभर बाराव्या क्रमांकावर होता. मी हरखून गेलो. मग एका सकाळी थेट सत्तरच्या पलीकडे. मी त्यात स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता.

नव्या साइटना मुद्दाम दाबून ठेवतात का? ‘सँडबॉक्स’ म्हणतात तो प्रकार खरा आहे, की माझंच काही चुकतंय?

झटपट

लेख-बिख कितीही लिहा, बॅकलिंकशिवाय, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांशिवाय, पान हलत नाही. पाचशे लिंकांची पॅकेजं मिळतात. एक घेऊन बघा, महिन्याभरात फरक दिसेल.

अर्धविराम

घेऊ नका. एप्रिल २०१२ मध्ये गूगलचा पेंग्विन नावाचा बदल आला तेव्हा असल्या लिंकांच्या टेकूवर उभ्या असलेल्या साइट रातोरात आडव्या झाल्या होत्या. २०१६ नंतर तर तेवढीही मजा राहिली नाही. बहुतेक वेळा अशा लिंका सरळ मोजल्याच जात नाहीत. साइट पडतही नाही, चढतही नाही, खिसा तेवढा हलका होतो.

शाईचाडाग, मी साइट बांधणारा माणूस आहे, त्यामुळे आधी स्क्रू-नट तपासतो. ११ पानं इंडेक्समध्ये आहेत म्हणजे दार अगदीच बंद नाही. तरी वर्डप्रेस असेल तर सेटिंगमधलं ‘रीडिंग’ उघडा आणि सर्च इंजिनांना येऊ नका म्हणून सांगणारा तो चौकोन रिकामा आहे ना ते बघा. हसू नका. एका कामात मी तीन आठवडे साइटचा वेग वाढवत होतो, चित्रं बारीक करत होतो, आणि तो चौकोन चाचणीच्या दिवसांपासून तसाच भरलेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

मग हे बघा की प्रत्येक लेखाचा पत्ता एकच आहे ना. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, दोन्हीकडे तेच पान वेगवेगळं उघडत असेल तर एकाकडून दुसरीकडे कायमचं वळवा. मोबाइलवर मजकूर पूर्ण दिसतो का तेही पाहा, कारण गूगल आता पान मोबाइलच्याच डोळ्यांनी वाचतं. वेगाच्या मागे फार लागू नका. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसत असेल तर तिथे थांबा. वेगामुळे ६१ चे ६ होत नाहीत.

आणि साइटमॅप (गूगलला दिलेली पानांच्या पत्त्यांची यादी) उघडून त्यात एकूण किती पत्ते आहेत ते मोजून इथे सांगा. मला एक संशय आहे.

शाईचाडाग

चौकोन रिकामा आहे. पत्ता एकच आहे.

साइटमॅप मोजला. २३९ पत्ते! लेख ३८, ‘माझ्याविषयी’ वगैरे पानं ४, वर्ग ९, लेखकाचं पान १, आणि टॅग १८७. प्रत्येक लेखाखाली सुचतील ते टॅग टाकत गेलो होतो. ‘निब’, ‘निबा’, ‘वाकडी निब’, ‘निब वाकली’ हे चार वेगळे टॅग आहेत, आणि चारहींच्या पानावर तोच एक लेख. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

आत्ताच सगळ्या टॅगपानांवर नोइंडेक्स (‘याची नोंद करू नका’ अशी खूण) लावलं, आणि डबल बंदोबस्त म्हणून रोबोट्स फाइलमध्येही, म्हणजे गूगलने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्यांना मनाई केली.

अर्धविराम

संशय खरा ठरला. पण तो डबल बंदोबस्त काढा! मनाई असली की बॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) पानाच्या आत जाणारच नाही, आणि आत गेला नाही तर नोइंडेक्सची पाटी वाचणार कशी? पाटी ठेवा, कुलूप काढा. टॅगपानं साइटमॅपमधूनही काढून टाका.

दाखलक्रमांक

मी तंत्रातली नाही. एकतीस वर्षं ग्रंथालयात तालिका करत होते, आणि निवृत्तीनंतर फाटक्या पुस्तकांच्या दुरुस्तीवर एक छोटी साइट चालवते. तुम्ही पेनं जोडता, मी पानं, म्हणून न राहवून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद व्हायची, मग त्याचं तालिका कार्ड बनायचं, आणि मग कधीतरी खिडकीवर कुणी येऊन ‘अमुक विषयावर काही आहे का’ म्हणायचं तेव्हा आम्ही ते काढून द्यायचो किंवा द्यायचो नाही. पुस्तक आलंय, पुस्तक तालिकेत आहे आणि पुस्तक वाचकाच्या हातात दिलं, या तीन अगदी वेगळ्या घटना. तुमचे १९ लेख म्हणजे न फोडलेले गठ्ठे. पत्ता कळलाय, उघडून कुणी पाहिलेलं नाही. त्यांची मला फार काळजी नाही. ८ लेखांचं मात्र वेगळं आहे. ते उघडले, चाळले आणि बाजूला ठेवले. आमच्याकडे असं कधी व्हायचं? एकाच मजकुराच्या चार आवृत्त्या आल्या, नाहीतर पुस्तक इतकं पातळ असलं की कार्ड करण्याएवढंही त्यात काही नसलं की. तुमच्या २३९ पत्त्यांत १८७ अशी पातळ पुस्तकं होती. एवढ्याशा साइटला बॉटच्या वेळेची टंचाई पडत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. पण नव्या ठिकाणी पहिल्या खेपेला उचललेल्या दहांपैकी आठ पानं तीच ती निघाली, तर पुढची उचलण्याची घाई कुणाला असेल?

आता कार्ड झालेल्या ११ लेखांकडे येऊ. ते एकसष्टावे का?

याचं मूळ आमच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा ऐटीत सांगते. कुठला शोधनिबंध महत्त्वाचा हे ठरवायचं तर त्याचा हवाला किती जण देतात ते मोजा, ही गोष्ट यूजीन गारफिल्डने १९६४ पासून विज्ञानातल्या हवाल्यांची सूची छापून रूढ केली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास तीच युक्ती वेबपानांना लावली. पानाकडे येणारी लिंक म्हणजे हवाला, आणि वजनदार पानाने दिलेला हवाला जास्त वजनाचा. हिशेब असा की एक माणूस निरुद्देश भटकतोय. शंभरातल्या ८५ वेळा तो समोरच्या पानावरची एखादी लिंक धरून पुढे जातो, उरलेल्या १५ वेळा कंटाळून कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो. तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल ते पान मोठं. आता तुमचं पान घ्या. त्याच्याकडे लिंक शून्य. म्हणजे त्या ८५ मधलं तुम्हाला काहीच नाही, आणि त्या १५ मधलं जे आहे ते जगातल्या सगळ्या पानांत वाटून जो कण उरेल तेवढं. आजचं गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचं झालंय, पण पाया हा आहे. तुम्ही चांगलं लिहिलंय की वाईट, हा प्रश्न इथवर कुणी विचारलेलाच नाही.

यातला अन्यायही नवा नाही. बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की जाळं वाढताना नवी लिंक ज्याला आधीच लिंका आहेत त्यालाच जास्त करून मिळते. लोक लिंक कुणाला देतात? जे त्यांना सापडतं त्याला. सापडतं काय? जे वर आहे ते. वर काय आहे? ज्याला लिंका आहेत ते. संदीप पांडे, जुंगहू चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर एक गमतीदार उपाय सुचवला होता. निकालांच्या यादीत काही जागा मुद्दाम नव्या, अनोळखी पानांना चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, म्हणजे त्यांची निदान परीक्षा तरी होईल. मला हा उपाय फार आवडतो. खिडकीवर मीही तेच करायचे. कुणी मागितलेलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की त्याच विषयावरचं कधी न हललेलं एखादं पुढे सरकवायचे.

आणि इथे तुमच्या बाराव्या क्रमांकाचं कोडं सुटतं. नव्या पानाबद्दल पुरेशी माहिती नसते तेव्हा यंत्रणा अंदाज बांधते, आणि पुढे माहिती जमली की पान वर जातं किंवा खाली येतं, हे गूगलच्या जॉन म्यूलरने समजावून सांगितलेलं आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणा. तुमचे सात भरले. ती शिक्षा नव्हती, आधीचा अंदाज उदार होता एवढंच.

माहिती जमते म्हणजे काय, तेही सांगते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही तारखांची चिठ्ठी चिकटवायचो. ग्रंथपाल नवा आला तरी ती चिठ्ठी बघून त्याला कळायचं की हे पुस्तक लोक नेतात. गूगलकडे तशी चिठ्ठी आहे. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये त्यांच्याच पांडू नायक यांनी साक्षीत सांगितलं की नॅव्हबूस्ट नावाची यंत्रणा वापरणाऱ्यांच्या क्लिकांची माहिती साठवते, आणि ती १३ महिन्यांची असते. तुमच्या त्या विक्रीवाल्या साइटची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलीय. लोक ‘फाउंटन पेन’ म्हणून काहीही शोधतात, ओळखीचं नाव दिसतं, तिथेच दाबतात. तुमची चिठ्ठी कोरी आहे. कोरी चिठ्ठी वाईट नसते, पण तिच्यावर काही लिहिलेलं नसतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम आम्हाला पाठ होते, १९३१ पासूनचे. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. सर्च इंजिन दुसरा नियम पाळतं, तिसरा पाळत नाही. वाचकाला बरंसं काहीतरी मिळालं की त्याचं काम झालं. तुमच्या लेखाला वाचक मिळाला की नाही, हे त्याच्या कामाच्या यादीतच नाही. तुमचा सगळा राग तिसऱ्या नियमाचा आहे, आणि तो बरोबर आहे, फक्त पत्ता चुकलाय. तिसरा नियम लेखकाला स्वतःच पाळावा लागतो.

मी कसा पाळला ते सांगते. पहिले दहा महिने मीही ‘पुस्तक दुरुस्ती’ या शब्दांवर डोकं आपटलं. काही झालं नाही. मग एक दिवस सर्च कन्सोलमधले प्रश्न खालून वर वाचायला लागले, म्हणजे एकच इंप्रेशन असलेले. तिथे एक होता, पानावरची जुनी चिकटपट्टी निघाली पण पिवळा डाग राहिला, त्यावर. या डागावर मी एका लेखात दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा वेगळा लेख केला. सहा प्रकारचे कागद, प्रत्येकावर मी काय केलं, कुठे कागदच फाटला, त्याचे फोटो. तीन आठवड्यांत तो पहिल्या पानावर होता, कारण त्या प्रश्नाला दुसरं कुणी उत्तर दिलेलंच नव्हतं. गूगलवर रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी १५ टक्के पूर्वी कधीच न विचारलेले असतात, असं ते लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत. अशा प्रश्नांपुढे मोठ्या साइटची चिठ्ठीही कोरीच असते.

चौदाव्या महिन्यात एका पुस्तक-संवर्धनाच्या अभ्यासक्रमाच्या वाचनयादीत त्या लेखाची लिंक आली. मी कुणाला गळ घातली नव्हती, त्यांच्या एका विद्यार्थिनीला तो सापडला होता. त्या एका लिंकेनंतर माझी बाकीची पानंही हळूहळू वर सरकली. झटपट यांच्या पाचशेपेक्षा ती एक भारी पडली.

तुमच्यासाठी सांगायचं तर ‘फाउंटन पेन दुरुस्ती’ सोडून द्या, निदान वर्षभर. एबोनाइटचा लेख हातात घ्या. पेन आधीच भिजवून बसलेला माणूस काय शोधेल? ‘पेन भिजवू नका’ हे तो शोधणार नाही, त्याचं भिजवून झालंय. तो शोधेल, ‘काळं पेन तपकिरी झालं’.

काठावरचा

दाखलक्रमांक, लेखन सुंदर, पण तुम्ही गूगलला फारच सांभाळून घेताय. सँडबॉक्सची कुजबुज २००४ पासून आहे आणि इतकी वर्षं ते ‘तसं काही नाही’ म्हणत आले. मग मे २०२४ मध्ये त्यांची अंतर्गत कागदपत्रं फुटली, आणि त्यांत ‘होस्टएज’ नावाचा एक घटक निघाला, ज्याच्या वर्णनात सँडबॉक्स हा शब्द सरळ सरळ आहे. म्हणजे साइटचं वय कुठेतरी बघितलं जातंच.

आकडेही बघा. एचरेफ्स या शोधनिकालांचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये वीस लाख नवी पानं तपासली. वर्षभरात कुठल्याही शब्दासाठी पहिल्या दहांत पोचलेली फक्त ५.७ टक्के. २०२५ मध्ये पुन्हा मोजलं तर १.७४ टक्के. हे सगळं नुसतं लिंका नाहीत म्हणून?

दाखलक्रमांक

त्या वर्णनातलं पूर्ण वाक्य असं आहे की ताज्या स्पॅमला सँडबॉक्स करण्यासाठी. म्हणजे वय बघतात ते नव्यांतले चोर वेगळे काढायला, आणि त्या चाळणीत नवा प्रामाणिक माणूसही थोडा वेळ अडकत असेल. हे मला मान्य आहे. त्या कागदांत घटकाचं नाव आहे, त्याला वजन किती ते नाही, तेव्हा त्याहून जास्त मी बोलणार नाही.

पण वय एवढाच अडसर असता, तर जुनी डोमेनं (साइटची नावं) विकत घेऊन त्यांवर काहीही थापणाऱ्यांचं फावलं असतं. काही काळ फावलंही. म्हणून तर मार्च २०२४ मध्ये कालबाह्य डोमेनांचा असा वापर गूगलने स्पॅमच्या नियमांत घातला. त्याच वेळी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्धही नियम आला. मला वाटतं ५.७ चे १.७४ होण्यात या घाऊक मजकुराचा मोठा हात असावा. गठ्ठे इतके वाढलेत की दाखल करणाऱ्यालाच कंटाळा येतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

गूगलला सांभाळून घेत नाहीये. हल्ली पानाच्या वरच यंत्राचं तयार उत्तर येतं आणि माझ्या चिकटपट्टीच्या लेखाचं सार तिथेच वाचून लोक परत जातात. स्थान तेच, क्लिक जवळपास निम्मे. त्यावर बोलायला लागले तर वेगळा धागा काढावा लागेल.

झटपट

मी पॅकेज घेतलं होतं. फरक पडला नाही. सांगून टाकलं.

शाईचाडाग

चार महिन्यांनी परत आलोय.

टॅग १८७ वरून ६ वर आणले. ८ बाजूला ठेवलेल्या लेखांपैकी ५ खरंच एकमेकांची पिल्लं होती, त्यांचे २ केले आणि जुने पत्ते नव्यांकडे वळवले. प्रत्येक लेखातून दुसऱ्या दोन-तीन लेखांकडे लिंक दिली. आधी माझे लेख एकमेकांना ओळखतच नव्हते, सगळे मुखपृष्ठावरून लोंबत होते. आता ३५ लेख आहेत आणि ३१ इंडेक्समध्ये. घंटा वाजवणं बंद केलंय.

दाखलक्रमांकताई, तुमचं ऐकून प्रश्न खालून वर वाचले. एक इंप्रेशनवाले ७४ होते. त्यांतला एक अक्षरशः ‘पेन पाण्यात ठेवल्यावर रंग गेला’ असा. एबोनाइटचा लेख पुन्हा लिहिला. मोडकं टोपण दोन तुकड्यांत कापलं, एक तुकडा पाण्यात आणि एक कोरडा, दर दोन तासांनी फोटो. किती तासांनी रंग बदलायला लागतो, पॉलिशने किती परत येतो, कुठे येत नाही, सगळं घातलं. तो लेख आता त्या प्रश्नासाठी सहाव्या क्रमांकावर आहे. गेल्या महिन्यात त्यावर ५८ क्लिक, आणि या वेळी त्यांतला माझा एकही नाही.

एका संग्राहकाने स्वतःच्या पानावर त्याची लिंकही दिली. ‘भिजवा’ म्हणणारं ते प्रश्नोत्तरांचं पान अजून तिसऱ्या क्रमांकावरच आहे, पण त्याखाली कुणीतरी माझ्या लेखाचा पत्ता डकवलाय. ती लिंक नोफॉलो (गूगल सहसा हवाल्यात धरत नाही अशी) आहे हे कळतं, तरी दिवसातून दोन-चार माणसं तिथून येतात. पेनं वाचतायत.

‘फाउंटन पेन दुरुस्ती’साठी अजून ५४ वा.

दाखलक्रमांक

वाचला लेख. दर दोन तासांचे फोटो उत्तम. फक्त आठव्या आणि दहाव्या तासाच्या फोटोंची अदलाबदल झालीय, तपकिरी आधी आणि काळा नंतर असं दिसतंय. आणि टोपण कुठल्या काळातलं होतं ते लिहा, कुणीतरी नक्की विचारणार.